आढ्यवात : एका रोगाच्या नावातील निकाल

रोगांची नावे पाहू गेल्यास त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही नावे रोगाचे वर्णन करून थांबतात; काही नावे रोग्याविषयी निकाल देऊन मोकळी होतात. पायाच्या अंगठ्यात मध्यरात्री अचानक पेटणारा आणि पहाटेपर्यंत अंगावरच्या चादरीचाही स्पर्श असह्य करणारा जो विकार आज 'गाऊट' या नावाने सर्वत्र ओळखला जातो, त्याची जुनी नावे बहुतांशी या दुसऱ्या वर्गातली आहेत. आयुर्वेदातील 'वातरक्त' या रोगाची लक्षणे गाऊटशी पुष्कळ जुळतात (दोन्ही संज्ञा सर्वस्वी एकच आहेत, असा आमचा दावा नाही). चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय या रोगाचा आहे. तेथे दिलेल्या पर्यायी नावांत 'आढ्यवात' हे एक नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. ज्यांचे शरीर सुकुमार आहे, आहारविहार चुकीचा आहे, जे बसून खातात, त्यांना हा रोग होतो असे तेथील निदान आहे. आणि अपथ्याच्या यादीत कुळीथ, उडीद, वाल ही आपल्या रोजच्या ताटातली कडधान्येही आहेत.

युरोपाची गोष्ट फारशी निराळी नाही. ग्रीकांचा 'पोडाग्रा' म्हणजे पायाला लागलेला सापळा. येथवर वर्णनच आहे. परंतु पुढे या रोगाला राजांचा रोग म्हणण्याची रीत पडली. टॉमस सिडनम या इंग्रज वैद्याने १६८३ मध्ये या विकारावर ग्रंथ लिहिला तेव्हा तो स्वतः अनेक वर्षे त्याने पीडित होता, आणि मोठमोठे राजे, सेनापती, तत्त्वज्ञ आपल्याच पंक्तीला आहेत या विचारात त्याने समाधान शोधले. अठराव्या शतकातील व्यंगचित्रांत मात्र या समाधानाचा मागमूस नाही. तेथे लठ्ठ, मद्यप्रिय गृहस्थाचा पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवलेला दिसतो आणि बघणारा हसतो. भोगले, म्हणून भोगतो आहे: इतकी सुबक कथा क्वचितच एखाद्या रोगाच्या वाट्याला आली असेल.

या लेखात आमचे म्हणणे एवढेच आहे की, ही कथा सुबक असली तरी बव्हंशी खोटी आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रेण्वीय जीवशास्त्राने तिची फेरतपासणी केली आहे. आणि ती फेरतपासणी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी वाचण्याजोगी आहे. कारण येथे प्रश्न जसा रोगाचा आहे तसा कथनाचाही आहे. कथेने माणसाचे काय होते, हे आम्ही आमच्याच कुळात पाहिले आहे.

आमचे मामा वाशीम जिल्ह्यातील, रिसोड तालुक्यातले शेतकरी. सोयाबीन आणि तूर ही त्यांची पिके. मामा माळकरी; मांसमद्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २००९ साली, पोळ्याच्या आदल्या रात्री त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा पेटला. "पायाले आग लागली," असे ते मामीला म्हणाले; दुसरा शब्द त्यांना सुचला नाही. दुसऱ्या दिवशी बैलांना तोरणाखाली घेऊन जायला शेजारचा मुलगा गेला आणि मामा ओसरीवर पाय लांब करून बसून राहिले. तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासले. युरिक ॲसिड वाढलेले निघाले. सल्ला मिळाला: दारू बंद, मटण बंद, डाळ बंद. या तिहींपैकी मामांजवळ सोडण्यासारखी एकच गोष्ट होती, ती त्यांनी सोडली. ज्या घरात तुरीची पोती रचलेली असतात त्या घरात धन्याच्या ताटात वरण नाही, असे दिवस आले.

एवढ्यावर भागते तर बरे होते. परंतु गावात कोणीतरी 'हा पिणाऱ्या-खाणाऱ्यांचा रोग आहे' ही माहिती आणली आणि पाराजवळ मामांना अर्ध्या थट्टेने विचारले गेले, "काय भाऊ, माळ काढली काय?" थट्टा विरून गेली, प्रश्न उरला. पुढच्या वर्षांत अंगठा धरला की मामा कोणाला सांगेनासे झाले. पाय मुरगळला, काटा रुतला, अशी कारणे ते देत आणि वेदनाशामक गोळ्या गुपचूप आणून खात. डाळ सोडूनही दुखणे येते, याचा अर्थ आपल्यात काही खोट आहे, असे त्यांनी मनाशी धरले होते. सहा-सात वर्षांनी अकोल्याला सविस्तर तपासणी झाली तेव्हा मूत्रपिंडाचे काम मंदावलेले आढळले. त्यात रोगाचा वाटा किती, गोळ्यांचा किती आणि लाजेचा किती, हे वेगळे काढून दाखवणारी चाचणी नाही. त्याच सुमारास एकदा ते सहज म्हणाले, "आमच्या बुढ्याचाही पाय असाच धरे." वडिलांच्या पायाचा हा उल्लेख तोवर कोणी केला नव्हता, कारण तोवर कोणी तो विचारलाच नव्हता. विचारले होते ते फक्त ताटाविषयी.

वडिलांच्या पायापासून मुलाच्या पायापर्यंतची ही वाट कशी जाते? पेशी मरताना आणि अन्न पचताना प्युरीन नावाची द्रव्ये मोकळी होतात. त्यांचे शेवटचे रूप म्हणजे युरिक ॲसिड. बहुतेक सस्तन प्राण्यांत 'युरिकेज' नावाचे विकर त्याचेही विघटन करून त्याला सहज विरघळणाऱ्या द्रव्यात बदलते. माणूस आणि त्याचे वानरकुळातील निकटचे आप्त यांच्यात हे विकर तयार होत नाही. त्याचे जनुक आपल्या गुणसूत्रात अजूनही आहे. परंतु दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत त्यात असे बदल झाले की ते वाचताच येऊ नये. पोथीत ओळ आहे, पण तिचा अर्थ लागत नाही. त्यामुळे मनुष्यजातीतील प्रत्येकाच्या रक्तात इतर प्राण्यांच्या मानाने युरिक ॲसिड अधिक असते. या अर्थाने आपण सारेच आढ्य आहोत.

तरीही प्रत्येकाचा अंगठा पेटत नाही. युरिक ॲसिडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूत्रपिंडातून आणि उरलेला आतड्यातून बाहेर जातो. मूत्रपिंड गाळलेल्यापैकी बराचसा भाग पुन्हा रक्तात ओढून घेते. ही ने-आण करणारी प्रथिने एकामागून एक सापडत गेली: २००२ मध्ये 'यूआरएटी-१', २००७-०८ च्या सुमारास 'एसएलसी२ए९' या जनुकाची भूमिका, आणि २००९ मध्ये 'एबीसीजी-२' या वाहकाची. यांपैकी शेवटचे उदाहरण विशेष बोलके आहे. या प्रथिनाच्या साखळीत १४१ व्या जागी सामान्यतः ग्लुटामीन हे अमिनो आम्ल असते. काही लोकांत तेथे लायसीन असते. एवढ्या एका बदलाने युरेट बाहेर टाकण्याची त्या वाहकाची क्षमता जवळपास निम्म्याने घटते.

येथे 'दोष' हा शब्द आम्ही मुद्दाम टाळतो. साहित्याच्या अभ्यासकांजवळ याहून नेमका शब्द आहे: पाठभेद. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्या प्रदीर्घ उद्योगाने आपल्याला जे शिकवले त्यात हेही आहे, की प्रत जुनी असो वा नवी, प्रत्येक प्रतीत पाठभेद असतात. आणि लेखनिकाच्या हातून आलेला पाठभेद हा वाचकाचा अपराध नसतो. मामांच्या मूत्रपिंडात जो पाठ आला तो नकलून आलेला होता. त्यांनी तो लिहिला नव्हता.

मग आहाराचे काय? २००४ मध्ये ह्योन चोई आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतील ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेतला गेला. त्यांपैकी ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. मांस आणि समुद्री अन्न अधिक खाणाऱ्यांत धोका वाढलेला आढळला. ज्या वनस्पतिजन्य अन्नात प्युरीन अधिक असते (वाटाणे, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, मसूर, पालक इत्यादी) ते खाणाऱ्यांत मात्र धोका वाढलेला दिसला नाही. त्यात तूर नव्हती हे खरे. पण डाळीवरील सरसकट बंदीला या पाहणीत आधार सापडत नाही, हेही खरे. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासाने याहून मूलगामी प्रश्न विचारला: लोकालोकांत युरिक ॲसिडाच्या पातळीत जो फरक दिसतो, त्यातला किती आहारामुळे आणि किती वारशामुळे? युरोपीय वंशाच्या १६,७६० अमेरिकन व्यक्तींच्या माहितीवरून आलेले उत्तर असे, की आहाराच्या कोणत्याही गुणांकाने या फरकाचा ०.३ टक्क्यांहून अधिक भाग स्पष्ट होत नाही. सर्वसामान्यपणे आढळणाऱ्या जनुकीय पाठभेदांनी २३.९ टक्के स्पष्ट होतो.

या आकड्यांचा अर्थ जपून लावावयास हवा. ज्याला रोग आहे त्याला एखाद्या रात्रीच्या मद्यपानाने किंवा मांसाहाराच्या जेवणाने झटका येऊ शकतो, हे वेगळ्या अभ्यासांतून दिसून आले आहे. ठिणगी कशाने पडली हा एक प्रश्न; घरात पेटण्याजोगे इतके कशामुळे साठले हा दुसरा. लोककथेने आणि वैद्यकानेही दीर्घकाळ पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले.

आता साठलेले पेटते कसे, ते पाहू. शरीराच्या सर्वसाधारण तापमानाला दर १०० मिलिलिटर रक्तात युरेट सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहते. त्यापुढे स्फटिक बनू शकतात. थंडाव्यात ही मर्यादा आणखी खाली येते, आणि पायाचा अंगठा शरीराच्या गाभ्यापेक्षा नेहमीच थंड असतो. अंगठ्याच्याच वाट्याला हे दुखणे वारंवार का येते, याचे एक कारण हे सांगितले जाते. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशात सांध्याच्या द्रवातील हे सुईसारखे स्फटिक ओळखून दाखवले. पुढल्याच वर्षी फेअर्स आणि मॅकार्टी यांनी ते स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले आणि काही तासांत गाऊटची यातना अनुभवली. स्फटिक हे कारण आहे, याविषयी त्यानंतर शंका उरली नाही.

परंतु निर्जीव सुई सजीव पेशीला एवढी चेतवते कशी, हे कोडे आणखी चव्वेचाळीस वर्षे राहिले. ते २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युर्ग त्शॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले. सांध्यात पहाऱ्यावर असलेली भक्षकपेशी स्फटिक गिळते. तो पचत नाही; पेशीच्या आतली पाचक पिशवी त्याने फाटते, पोटॅशियम बाहेर वाहू लागते. या गडबडीची वर्दी 'एनएलआरपी-३' नावाच्या प्रथिनाला लागते. एरवी विखुरलेली प्रथिने त्याच्याभोवती गोळा होतात, त्यांचा एक पुंजका बनतो आणि त्यात 'कॅस्पेस-१' हे कातरणारे विकर जागे होते. पेशीत निष्क्रिय रूपात असलेल्या 'इंटरल्युकिन-१ बीटा'ला ते कापून सक्रिय करते. पेशीच्या आवरणाला छिद्रे पडून हा संदेश बाहेर जातो आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशी हजारोंच्या संख्येने सांध्यात धावून येतात. अंगठा लाल होतो, सुजतो, तापतो. जाळणारे असे बाहेरून काहीच आलेले नसते. जळते ते आपल्याच संरक्षणाचे दळ.

या पुंजक्याला इंग्रजीत 'इन्फ्लमॅसोम' म्हणतात. त्शॉप यांच्याच गटाने २००२ मध्ये तो शब्द घडवला. मराठीत त्याला काय म्हणावे? आम्हास वाशीमचे जुने नाव आठवते. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरात. 'गुल्म' हा शब्दही मोठा अर्थबहुल: झुडपांचा पुंज म्हणजे गुल्म, सैन्याची तुकडी म्हणजे गुल्म, आणि आयुर्वेदात पोटात उठणारा गोळा म्हणजेही गुल्म. विखुरलेल्यांनी एकत्र येऊन दळ बनवणे आणि त्या दळाने शरीराला पीडा होणे, हे दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात. म्हणून 'दाहगुल्म' हा शब्द आम्ही सुचवतो. परिभाषेच्या जाणकारांनी तो तपासावा.

या दाहगुल्मालाही वारसा आहे. २००१ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, काही कुटुंबांत नुसत्या गारठ्याने ताप येतो, पुरळ उठते, सांधे दुखतात. याचे मूळ आज आपण एनएलआरपी-३ म्हणतो त्याच जनुकातील बदलात आहे. तेथे पहारेकरी कारणावाचून शिंग फुंकतो. गाऊटच्या बाबतीत हे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण दाहगुल्म उभा राहण्यास स्फटिक एकटा पुरत नाही. पेशीला आधी दुसऱ्या एखाद्या संकेताने सज्ज करावे लागते. प्रयोगांत काही स्निग्धाम्लांनी हे काम केलेले आढळले आहे. म्हणूनच युरिक ॲसिड वाढलेल्या अनेकांना जन्मभर गाऊट होत नाही, आणि सांध्यात स्फटिक असूनही तो महिनोन्महिने शांत राहतो. साठा, स्फटिक आणि दाह हे तीन स्वतंत्र टप्पे आहेत, आणि प्रत्येकाचा वारसा वेगळा आहे.

आग जशी आपोआप लागते तशी आठ-दहा दिवसांत ती आपोआप विझतेही. याचेही एक स्पष्टीकरण २०१४ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांकडून आले. धावून आलेले न्यूट्रोफिल मरताना आपल्या गुणसूत्रांचे धागे बाहेर फेकतात; पुरेशी गर्दी झाली की या धाग्यांची जाळी एकमेकांत गुंतते, स्फटिकांना वेढते आणि दाहाचे संदेश पकडून त्यांचे तुकडे करते. आग लावणारेच आपल्या मरणाने ती विझवतात. पहिल्या झटक्यानंतर 'आपोआप बरे झाले' म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये ते यासाठी की, विझतो तो दाह. स्फटिक तेथेच असतात.

दाहाच्या या चौकटीत एक जुने औषध नेमके बसते. कोल्चिसीन हे द्रव्य पेशीच्या आतील सूक्ष्म नलिका घडू देत नाही. त्यामुळे न्यूट्रोफिलांची धाव मंदावते आणि दाहगुल्माची जुळणीही अडखळते. ते युरोपातील एका कंदातून आले. पण तेच द्रव्य आमच्याकडच्या कळलावीतही आहे. पावसाळ्यात विदर्भातील रानांत, झुडपांच्या आधाराने चढणाऱ्या या वेलीची पिवळी-तांबडी, वर वळलेल्या पाकळ्यांची फुले अनेकांनी पाहिली असतील. संस्कृतात तिचे एक नाव अग्निशिखा; आणि मराठीत कळ म्हणजे वेदना, कळ लावणे म्हणजे भांडण पेटवणे. आगीचे नाव धारण करणाऱ्या वेलीत आग विझवणारे द्रव्य सापडावे, हा योगायोग आहे. त्याला संकेत मानू नये. कळलावी सर्वांगाने विषारी आहे, तिच्या कंदाने माणसे दगावली आहेत. औषधाची आणि विषाची मात्रा यांत फार थोडे अंतर असते. येथे शब्दाच्या मोहात पडलेला वाचक प्राणास मुकू शकतो.

शब्दाच्या मोहाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो सुशिक्षितांत अधिक आढळतो. अपराधाची कथा मोडली की तिच्या जागी प्रारब्धाची कथा येऊन बसते. 'जनुकातच आहे, काय करणार?' आम्ही मामांना हे सारे आमच्यापरीने समजावून सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मागच्या जन्माचं नाही, मागच्या पिढीचं." त्यांच्या स्वरात सुटका होती, पण त्यात हात टेकल्याचा सूरही होता, तो आम्हास खटकला. वास्तविक वारसा कळण्याचा लाभ नेमका उलट आहे. साठा कमी करणारे ॲलोप्युरिनॉल हे औषध १९६६ पासून वापरात आहे. ते घडवण्यात वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल मिळाले. वैद्याच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेने आरंभ करून, वर्षानुवर्षे न कंटाळता पातळी ६ च्या खाली ठेवली तर स्फटिक हळूहळू विरघळतात. ज्या रोगात कारण इतके वंशागत आणि उपाय इतका हाताशी, असे रोग थोडेच. पाठभेद बदलता येत नाही. त्याचा परिणाम बदलता येतो.

आणखी एक उणीव नोंदवणे प्राप्त आहे. २०२४ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये या रोगाचा आजवरचा बहुधा सर्वांत मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. २६ लाख लोक, त्यांपैकी १,२०,२९५ गाऊटचे रुग्ण. रोगाशी निगडित अशी ३७७ स्थाने सापडली, आणि दाहाचे नियमन करणारी जनुकेही त्यातून पुढे आली. परंतु हे लोक ज्या चार वंशगटांत विभागले होते, ते युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकी. दक्षिण आशियाचा स्वतंत्र गट त्यात नाही. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर चिकित्सक आवृत्ती तयार होत आहे, आणि वऱ्हाडातील प्रती अद्याप संपादकांच्या मेजावर पोचलेल्या नाहीत.

तोवर आपल्या हाती जे आहे ते म्हणजे भाषा. 'काय खाल्लेस?' हा प्रश्न आपण रोग्याला फार सहज विचारतो. त्यात काळजी असते तशी उलटतपासणीही असते, आणि ज्याची उलटतपासणी होते तो माणूस दुखणे लपवू लागतो. गाऊटच्या रोग्याला सांगण्याजोगे वाक्य अगदी साधे आहे: तुमच्या मूत्रपिंडाला हे द्रव्य बाहेर टाकणे जड जाते, ते जन्मतःच तसे आहे, आणि त्यावर औषध आहे. या वाक्यात एकही पारिभाषिक शब्द नाही आणि एकही निकाल नाही. आढ्यवात हे नाव ग्रंथांत खुशाल राहो. ते ग्रंथांचा इतिहास सांगते. दवाखान्यात, ओसरीवर आणि पारावर मात्र त्याची जागा या वाक्याने घ्यावी, अशी आमची इच्छा आहे.